फेरिकला दोष देऊ नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आमच्या भागातल्या शालेय विज्ञान प्रदर्शनाची बातमी आणि फोटो आला. फोटोत मागच्या रांगेत, डाव्या कोपऱ्यात, चष्मा कपाळावर चढवून एक म्हातारा टेबलावर वाकलेला दिसतो, तो मी. पोरांनी स्वतः बनवलेले इलेक्ट्रॉनिक सर्किटचे बोर्ड वाकून बघत होतो, ते बातमीत आलं नाही, येण्यासारखंही नव्हतं. पण घरी आल्यापासून ते डोक्यातून जात नाही. पत्र लांबलं तर खुशाल कापा. फक्त फेरिकच्या, म्हणजे असे बोर्ड बनवताना तांबं खाणाऱ्या रसायनाच्या, उरलेल्या पाण्याबद्दल शेवटी जे लिहिलंय, तेवढं कापू नका.

१९७९ साली मी गावभागात एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात हरकाम्या म्हणून लागलो आणि पुढं तेच दुकान चालवलं. रेडिओ गेले, टीव्ही आले, टीव्हीही गेले. मग पोटाला लागली ती शेतीपंपाच्या स्टार्टरमधली कार्डं, म्हणजे सर्किटचे छोटे बोर्ड. एक फेज गेली की मोटर बंद पाडणारी, विहीर उपसली की बंद करणारी. ही कार्डं मी घरच्या घरी बनवत आलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी: एका बाजूला तांब्याचा पातळ पत्रा चिकटवलेली शीट मिळते. ज्या वाटांनी वीज जायची तेवढ्या शाईनं किंवा टोनरनं (लेझर प्रिंटरच्या काळ्या पुडीनं) झाकायच्या आणि शीट फेरिक क्लोराईडच्या पाण्यात सोडायची. उघडं तांबं पाणी खातं, झाकलेलं राहतं. यालाच एचिंग म्हणतात.

प्रदर्शनात तीन गटांनी बोर्ड स्वतः बनवून आणले होते. बाकी सगळ्यांचे विकत आणलेले तयार मोड्यूल होते. या तिन्ही बोर्डांना एकच आजार. कडेच्या वाटा झिजून दोऱ्यासारख्या झालेल्या, एकदोन ठिकाणी तुटून वरून सोल्डर ओघळवून जोडलेल्या. आणि मध्यभागी, जिथं तांबं जायला हवं होतं, तिथं पातळ साय तशीच. परीक्षक त्यातल्या एका पोराला म्हणाले, "एवढी खटपट कशाला केलीस? तयार आणायचं." ते पुढं गेल्यावर मी पोराला विचारलं, हे असं कशानं झालं? तो म्हणाला, "आजोबा, फेरिक भेसळीचं निघालं." दुसऱ्या टेबलावरच्या मुलीनं सांगितलं, "दुकानदारानं शिळं दिलं, पाणी सुटलेलं होतं." तिसरा गट तर आपसातच भांडत होता, की फेरिक आणायला गेला होता कोण.

त्या पहिल्या पोराच्या बोर्डाच्या बरोबर मधोमध एक अंगठा होता. तांब्याचा. भिंगातून बघितलं तर एकेक रेष मोजता येत होती. शीट धरताना अंगठ्याचं तेल लागलं होतं, आणि फेरिकनं सगळीकडचं तांबं खाऊन नेमकं त्या तेलाखालचं सोडलं होतं. मी म्हटलं, "अरे, भेसळीच्या फेरिकनं तुझा अंगठा इतका स्वच्छ काढला असता का?" पोरगं हसलं, पण पटलं नसावं.

संपादक महाराज, हा आरोप मी चाळीस वर्षं ऐकतोय आणि सुरुवातीची सहा-सात वर्षं मीही करत होतो. बोर्ड बिघडला की फेरिक खराब. म्हणून आधी फेरिकचा हिशोब मांडतो. शीटवरचं तांबं साधारण ३५ मायक्रॉन जाडीचं असतं. १० बाय १५ सेंटिमीटरच्या बोर्डावर ते सगळं मिळून पावणेपाच ग्रॅम भरतं. निम्मं खायचं म्हटलं तरी सव्वादोन-अडीच ग्रॅम. एक ग्रॅम तांबं खायला फेरिकचे पिवळे खडे हिशोबानं साडेआठ ग्रॅम लागतात. म्हणजे अर्ध्या लिटर पाण्यात पाव किलो खडे विरघळवले तर कागदावर जवळजवळ ३० ग्रॅम तांब्याची सोय झाली. ताकद निम्म्यावर आली की ते मंदावतं, म्हणून अर्धाच हिशोब धरा. तरीही असे सहा बोर्ड आरामात निघतात. पोरांनी प्रत्येकी एक बोर्ड केला होता, आणि तोही तळहाताएवढा. फेरिक संपायला वावच नव्हता. राहिलं खड्यांना पाणी सुटण्याचं. फेरिकचा तो स्वभाव आहे. हवेतली ओल ओढून घेऊन ते पिशवीतच पाझरतं. पाझरलं म्हणून मेलं असं नाही.

मग बोर्ड का बिघडतो? दोन कारणं. पत्रा स्वच्छ नसतो आणि पाणी हलत नसतं.

पत्रा स्वच्छ म्हणजे काय ते मला माझ्या आईनं शिकवलं, तेही फेरिकचं नाव कानावर पडण्याआधी दहा वर्षं. आमच्याकडं तांब्याचा बंब होता. दिवाळीच्या आधी तो घासायचं काम माझ्याकडं असायचं. चिंच आणि मीठ लावून घासलं की बंब लालबुंद दिसायचा आणि मी पळायला बघायचो. आई वरून तांब्याभर पाणी ओतायची. पाणी बंबावरून एकसंध पडद्यासारखं उतरलं तर सुटका. कुठं थेंब-थेंब होऊन फुटलं, तर "तिथं तेल आहे, पुन्हा घास." चिंचेनं काळेपणा जातो, तेल जात नाही. तेलाला भांड्याचा साबणच लागतो. पोरं नेमकी इथं चुकतात. पॉलिश पेपर मारला, पत्रा चकाकला, झालं असं त्यांना वाटतं. चकाकणं आणि स्वच्छ असणं या दोन गोष्टी आहेत. पीतांबरीनं किंवा चिंचेनं काळेपणा काढा, मग साबण आणि हिरव्या घासणीनं गोल गोल घासा, भरपूर पाण्यानं धुवा आणि आईची परीक्षा घ्या. पाणी न फुटता उतरलं की त्यानंतर शीट फक्त कडांना धरायची. चेहरा पुसून त्याच हातानं शीट उचलणारे मी पाहिलेत.

कागदावर छापलेला टोनर इस्त्रीनं शीटवर उतरवणाऱ्यांसाठी आणखी एक. कागद भिजवून सोलला तरी दोन वाटांमधल्या फटीत कागदाचा पांढरा भुसा राहतो. ओला असताना तो दिसत नाही, वाळला की दिसतो. मऊ टूथब्रशनं तो काढायचा. तो राहिला तर त्या फटीत फेरिक पोचतच नाही.

एवढं करूनही शंका असेल तर सोपी खूण सांगतो. झाकलेली शीट फेरिकमध्ये जेमतेम वीस सेकंद बुडवा, बाहेर काढा, धुवा आणि उजेडात तिरपी धरून बघा. जिथं काम सुरू झालं तिथं तांबं निस्तेज गुलाबी झालेलं असतं, चकाकी गेलेली. जिथं अजून लकाकतंय तिथं तेल, भुसा किंवा टोनरचा पुसट थर आहे. तेवढाच भाग ओल्या ब्रशनं साफ करायचा आणि मग पुढं जायचं. अर्ध्या तासानंतर रडण्यापेक्षा विसाव्या सेकंदाला कळलेलं बरं. त्या अंगठ्याच्या बोर्डाचा अंगठा इथंच सापडला असता.

आता पाणी हलण्याचं. हे मला शिकवलं ते तुमच्या धंद्यातल्या माणसानं. ऑफसेट छपाई येण्याआधी वर्तमानपत्रात फोटो छापायचा तर त्याचा धातूचा ब्लॉक करावा लागे. जस्ताचा असेल तर नायट्रिक ॲसिडमध्ये, तांब्याचा असेल तर फेरिकमध्ये खाऊन. आमच्या दुकानापासून चार घरं पलीकडं एक ब्लॉकमेकर होते. माझे तीन बोर्ड लागोपाठ वाया गेले, तेव्हा मालकानं मला त्यांच्याकडं धाडलं. त्यांच्या खोलीत एक लाकडी पाळण्यासारखा झुलता ट्रे होता. बोलता बोलता त्यांचा एक हात कायम त्यावर. चहा आला तरी हात सुटला नाही, कप डाव्या हातात. मी विचारलं, सारखं हलवायचं कशासाठी? त्यांनी ट्रे थांबवला, टेबलावरचा दिवा खाली ओढला आणि म्हणाले, बघ. ब्लॉकच्या अंगालगत गढूळ हिरवट थर जमायला लागला होता, उन्हात रस्त्यावर दिसतो तसा लहरता. "हे खाऊन झालेलं पाणी. हे बाजूला झालं नाही तर नवं येणार कुठून?" आणि पुन्हा हलवायला लागले.

कडा आधी खाल्ल्या जातात त्याचं सगळं गुपित या थरात आहे. कडेला चारी बाजूंनी ताजं पाणी येतं. मध्यावर खाल्लेलं पाणी बसून राहतं. मध्य उरकेपर्यंत वाट बघायची, तर तोवर कडेच्या वाटांना फेरिक बाजूनं कुरतडायला लागतं. फेरिक फक्त खाली खात नाही, आडवंही खातं. शाईच्या आतल्या अंगाला शिरतं. वरून शाई शाबूत दिसते आणि खालची वाट अर्धी गेलेली असते. पोरांच्या बोर्डांची ती दोऱ्यासारखी वाट अशीच झाली होती.

ट्रे नुसता एकाच बाजूनं वरखाली करूनही भागत नाही. त्यानं एका दिशेचे पट्टे उठतात. थोडा वेळ लांबीकडून, थोडा वेळ रुंदीकडून, आणि दर मिनिटाला बोर्ड पाव गिरकी फिरवायचा. सुपात धान्य घोळवताना बाया मनगट कसं फिरवतात, तसं. ज्याला सारखं हलवणं जमत नाही त्यानं बोर्ड पालथा घालावा, तांबं खाली करून. तांबं विरघळलेलं पाणी जड असतं. बोर्ड उताणा असेल तर ते त्याच्यावरच बसतं, पालथा असेल तर आपोआप खाली सुटतं आणि ताजं वर येतं. पाठीला दुतर्फी टेपनं थर्माकोलचा तुकडा चिकटवला की बोर्ड पालथा तरंगतो. मात्र पाण्यात सोडताना एका कडेनं तिरपा सोडा. सपाट टाकला तर खाली हवेचे बुडबुडे अडकतात आणि प्रत्येक बुडबुड्यामागं तांब्याचा एक गोल ठिपका राहतो. असे ठिपके दिसले की लोक पुन्हा फेरिकलाच बोल लावतात. जुन्या फेरिकमध्ये तळाशी गाळ असेल तर आधी सुती फडक्यातून गाळून घ्या. तो गाळ बोर्डावर बसला तर तिथंही डाग राहतो.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगतो. ही प्रदर्शनं डिसेंबर-जानेवारीत भरतात आणि पोरं रात्री गच्चीवर जाऊन हे उद्योग करतात. गार फेरिक आळशी असतं. प्लॅस्टिकचा ट्रे गरम पाण्याच्या टबात ठेवून फेरिक हाताला चांगलं कोमट, चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत आणायचं. त्यापुढं नको, वाफ नाकात जाते. फेरिक कधीही गॅसवर चढवायचं नाही. खडे थोडे थोडे पाण्यात टाकायचे, खड्यांवर पाणी ओतायचं नाही, कारण विरघळताना ते चांगलंच तापतं. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. स्टीलचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं चुकूनही नको. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी घरातलं एक स्टीलचं ताट वापरलं होतं. ते ताट सासरहून आलेलं होतं, एवढंच सांगतो. फेरिकऐवजी हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये हायड्रोजन पेरॉक्साईड घालून दोन मिनिटांत बोर्ड काढायचे व्हिडिओ फिरतात. त्यातून क्लोरीन निघतो. शाळकरी पोरांचं ते काम नव्हे.

आणखी एक युक्ती, जी मला फार उशिरा सुचली. सगळी मोकळी जागा खायला लावायचीच कशाला? जिथं अडचण होत नाही तिथं तांबं तसंच ठेवून ते सर्किटच्या निगेटिव्हला जोडा. फेरिक कमी लागतं, वेळ वाचतो, आणि बोर्डावर सगळीकडं सारखंच काम उरतं, त्यामुळं ते एकदमच उरकतं. आणि शीट हवी त्यापेक्षा चारी बाजूंनी एकेक सेंटिमीटर मोठी घ्या, साडीला काठ ठेवतो तशी. कडेचा जो काही आगाऊपणा होईल तो त्या काठावर होऊ दे, नंतर कापून टाका. काम संपलं का हे बघायला बोर्ड ट्यूबलाइटसमोर धरा. काचेच्या धाग्यांच्या इपॉक्सी शीटमधून उजेड येतो आणि उरलेली साय लगेच दिसते. हायलमच्या, म्हणजे दाबलेल्या कागदाच्या थरांच्या, तपकिरी शीटमधून तेवढं कळत नाही.

परवाच्या रविवारी ती "शिळं फेरिक" वाली मुलगी आणि तिचा भाऊ माझ्याकडं आले. सोबत तेच फेरिक, त्याच पाझरलेल्या पिशवीतलं. बंबाची परीक्षा पहिल्या खेपेला नापास, दुसऱ्या खेपेला पास. वीस सेकंदांच्या खुणेत एका कोपऱ्यात लकाकी दिसली, ती तिनंच आधी पाहिली. मग गॅलरीत बसून ट्रे हलवत राहिली, भाऊ मोबाईलवर मिनिटं मोजत होता आणि "फिरव" म्हणून ओरडत होता. चौदाव्या मिनिटाला बोर्ड निघाला. कड आणि मध्य यांत मला तरी फरक काढता आला नाही, आणि मी काढायला बसलो होतो.

आता ज्या भागासाठी आधी विनवणी केली तो. खाऊन झालेलं फेरिक काळपट हिरवं होतं आणि त्यात तांबं असतं. ते तांबं मासे आणि पाण्यातले जीव यांना विष आहे. त्या तिन्ही गटांना मी विचारलं, उरलेलं कुठं टाकलं? दोघांनी मोरीत, एकानं गटारात. शहरातलं पाणी शेरी नाल्यानं कृष्णेत कसं जातं हे सांगलीकरांना मी काय सांगावं. त्यांना रागावायचा अधिकार मला नाही. मी मोरीत ओतत नव्हतो, साठवत होतो. पाच लिटरच्या पांढऱ्या कॅनमध्ये, दुकानाच्या मागच्या फळीवर, कधीतरी विल्हेवाट लावू म्हणून. पंधरा-सोळा वर्षांचं साठलेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, तेव्हा आम्ही मीटर, ट्रान्सफॉर्मर, गिऱ्हाइकांचे सेट असं सगळं माळ्यावर चढवलं. कॅन कुणाच्या लक्षात राहिले नाहीत. पाणी उतरल्यावर फळीवर चिखल होता आणि चार कॅनपैकी एक होता, तोही आडवा, झाकण निघालेला. एवढ्या महापुरात पंधरा-वीस लिटरनं काय होतं, असं मुलगा म्हणाला. पण ज्या नदीचं पाणी आयुष्यभर प्यायलो, त्या नदीत ते मी माझ्या हातानं सोडल्यासारखंच झालं. अजून कुणी पुराचा विषय काढला की मला आधी ते कॅन आठवतात.

तेव्हापासून साठवत नाही. बादलीत धुण्याचा सोडा पाण्यात विरघळवून घेतो आणि वापरलेल्या फेरिकमध्ये थोडा थोडा ओततो. एकदम ओतलं तर फसफसून बाहेर येतं. लाल लिटमस जेमतेम निळा होईपर्यंत ओतायचं. तांबं आणि लोखंड गाळ होऊन खाली बसतं. रात्रभर ठेवलं की वरचं पाणी नितळ होतं. अजून निळसर दिसलं तर तांबं राहिलंय, थोडा सोडा आणखी. गाळ फडक्यात गाळून, वाळवून, झाकणाच्या डब्यात ठेवतो. तो गाळही निरुपद्रवी नाही, कुंडीत किंवा शेतात टाकायचा नाही. पण पाच लिटरच्या कॅनऐवजी डबाभर कोरडा ऐवज उरतो आणि पुरात तो उचलून पळता येतो.

माझी मागणी एवढीच, की ज्या शाळा असं प्रदर्शन भरवतात त्यांनी प्रयोगशाळेत एक प्लॅस्टिकचा कॅन ठेवावा, वर मोठ्या अक्षरांत "वापरलेलं फेरिक" लिहून, आणि पोरांना प्रवेशाच्या अर्जातच सांगावं की उरलेलं इथं आणून द्या. सोड्याचं काम रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी वर्गातच करून दाखवलं तर पोरांना एक धडाही समोर घडताना दिसेल. कुपवाड आणि मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांना त्यांचा धोकादायक कचरा अधिकृत केंद्राकडं पाठवावा लागतोच. वर्षातून एकदा शाळांचे डबेही त्याच वाटेनं कसे लावायचे, ते संबंधित अधिकाऱ्यांनी आणि उद्योजकांच्या संघटनेनं बसून ठरवावं. सगळ्या शाळांचं मिळून एका रिक्षात मावेल एवढंच ते भरेल.

बोर्ड बनवून दाखवायला कुठल्याही शाळेनं बोलावलं तर मी येईन. माझा पत्ता आपल्या कार्यालयात आहे, विचारणाऱ्याला द्यावा. येताना ट्रे, थर्माकोल आणि घासणी मी आणतो. फेरिक त्यांनी आणावं, कुठल्याही दुकानातून.

आपला जुना वाचक,
एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक,
गावभाग, सांगली

ता. क. अंगठ्याचा तो बोर्ड मी त्या पोराकडून मागून घेतलाय. त्यानं मागच्या बाजूला मार्करनं सही आणि तारीख घालून दिला.